तडा दिसत नाही, म्हणून इमारत सुरक्षित?

भूकंपाचे हादरे थांबल्यावर रस्त्यावर आलेल्या प्रत्येकासमोर एकच प्रश्न असतो : घरात परतावे की नाही? त्याचे उत्तर अजूनही प्रामुख्याने अभियंत्यांच्या नजरेवर अवलंबून आहे. खांब, तुळया, भिंती पाहून अनेक देशांत इमारतीवर पाटी लावली जाते. हिरवी म्हणजे वापरास हरकत नाही, पिवळी म्हणजे मर्यादित वापर, लाल म्हणजे प्रवेशबंदी.

या पद्धतीची मर्यादा न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहराला फार महागात पडली. ४ सप्टेंबर २०१० च्या भूकंपानंतर तेथील सहा मजली सीटीव्ही इमारतीची पाहणी होऊन तिला हिरवी पाटी मिळाली. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात ती कोसळली आणि त्या एका इमारतीत ११५ जणांचा मृत्यू झाला. तिच्या मूळ आराखड्यातच गंभीर दोष होते, असे चौकशी आयोगाला आढळले. १९९४ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातील नॉर्थरिज भूकंपात अनेक पोलादी इमारतींच्या वेल्डिंगच्या सांध्यांना तडे गेले. पण ते आवरणाआड दडलेले असल्याने लगेच लक्षात आले नाहीत.

जे डोळ्यांना दिसत नाही, त्याचा सुगावा लावण्याचे काम सेन्सर करतात. प्रत्येक इमारतीची डोलण्याची स्वतःची एक लय असते. दहा मजली इमारतीला एका डोलण्यास ढोबळमानाने एक सेकंद लागतो. सांधे वा खांब कमकुवत झाले, की इमारतीचा ताठपणा घटतो आणि ही लय मंदावते. निरनिराळ्या मजल्यांवर बसवलेले सेन्सर हादऱ्यांची नोंद करतात. एक मजला खालच्या मजल्याच्या तुलनेत किती सरकला, याचे गणितही त्यावरून मांडता येते. हे सरकणे ज्या मजल्यावर अधिक, तेथे पाहणी आधी करायची, हे लगेच ठरवता येते.

मात्र लय बदलली म्हणजे इमारत धोकादायक झाली, असे नव्हे. कॅलिफोर्नियातील मिलिकन ग्रंथालयाच्या नऊ मजली इमारतीची पूर्व-पश्चिम दिशेतील कंपनसंख्या बांधकामानंतरच्या काळात सुमारे २२ टक्क्यांनी घटली. याचे मोठे कारण १९७१ चा सॅन फर्नांडो भूकंप होते. तरीही इमारत वापरात राहिली. पाऊस, वारा आणि तापमानानेही ही लय थोडी बदलते. शिवाय आराखड्यातील दोष सेन्सर स्वतःहून सांगत नाही. म्हणून अंतिम निर्णय अभियंत्याचाच.

गोव्यासाठी हा विषय परका नाही. भारतीय मानक ‘आयएस १८९३’च्या २०१६ च्या आवृत्तीत गोवा तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या भूकंपक्षेत्रात आहे. अहमदाबादही याच क्षेत्रातले. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपाचे केंद्र तेथून २०० किलोमीटरहून दूर होते, तरीही शहरातील अनेक बहुमजली इमारती कोसळल्या.

भूकंपानंतर सेन्सर बसवून तुलना करता येत नाही, कारण इमारतीची मूळ लय आधीच नोंदलेली असावी लागते. त्यामुळे आपत्तीच्या काळात रिकामी करणे सर्वांत अवघड असलेल्या इस्पितळांपासून ही सुरुवात व्हावी आणि ती जमीन स्थिर असतानाच व्हावी.