बाळंतिणीचे मनही सांभाळू या

बाळ वीस दिवसांचे झाले. घरात नामकरणाची बोलणी चालली आहेत आणि बाळाची आई भिंतीकडे तोंड करून पडून आहे. सासू म्हणते, "आळस भरलाय." शेजारीण म्हणते, "बाहेरचं काहीतरी आहे, उतारा करा." दोघींचेही चुकते. हा आजार आहे आणि उपचारांनी तो बरा होतो.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ जणींना होते. शरीरातील संप्रेरके एकदम कमी होतात, झोप पुरत नाही. हे बहुधा दोन आठवड्यांत निवळते. मात्र त्यापुढेही उदासी राहिली, बाळ झोपले तरी झोप येईना, जेवण जाईना, बाळाबद्दल माया वाटेना, 'मी वाईट आई आहे' असे वाटू लागले, तर ते नैराश्य समजावे. भारतात साधारण पाच बाळंतिणींमागे एकीला ते होते. गरोदरपणातही होते. घरात मारहाण, दारू, कर्ज किंवा मुलगी झाली म्हणून टोमणे असतील, तर धोका वाढतो.

घरच्यांनी काय करावे?

• तिला सलग चार-पाच तास झोप मिळू द्या. दूध पाजून झाले की बाळ दुसऱ्याने घ्यावे.
• नळाचे पाणी, धुणे, स्वयंपाक नवऱ्याने करावा. त्यात कमीपणा नाही.
• "रडू नकोस" म्हणण्याऐवजी तिचे ऐकून घ्या.
• "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट तिचे ओझे हलके होते.

आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत घरी येते. बाळाच्या वजनाबरोबर आईच्या मनाविषयीही तिला सांगा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार मिळतो. रक्त आणि थायरॉइड तपासून घ्या, त्यांच्या दोषानेही थकवा-उदासी येते. अंगावर पाजताना चालणारी औषधे आहेत. चालू असलेली गोळी मनाने बंद करू नका. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते.

तिला आवाज ऐकू येत असतील, ती असंबद्ध बोलत असेल, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे बोलत असेल, तर क्षणभरही एकटे सोडू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या, १०८ला फोन करा.

उताऱ्यात गेलेला आठवडा परत येत नाही. तो उपचारात जाऊ द्या.