नाण्याचा खेळ घरीं येतो तेव्हां

आपल्या पाथर्डी तालुक्यांत यात्रेच्या दिवसांत कुस्त्यांचा हगामा भरतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. हलगी वाजते, भोंवतीं माणसांचें कडें पडतें आणि दोन गडी मातींत उतरतात. आतां असें समजा कीं, तेच दोन गडी एका बंद खोलींत सतरंजीवर तेच डाव खेळत आहेत. हलगी नाहीं व पाहणाराही कोणी नाहीं. तिला तीच कुस्ती म्हणावयाचें काय? नुसती जमीन बदलली तरी मल्लास किती नव्यानें शिकावें लागतें, याचें उत्तम उदाहरण कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचें आहे. मातींत तयार झालेले हे मल्ल इ. स. १९४८ सालीं लंडन येथें ऑलिंपिकच्या गादीवर उतरले, तेव्हां त्यांस सहावें स्थान मिळालें. पुढें गादीची संवय करून त्यांनीं इ. स. १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक मिळविलें.

जमीन बदलली म्हणजे खेळाचें काय होतें, हाच प्रश्न आम्ही प्रस्तुत लेखांत एका निराळ्या कुस्तीविषयीं विचारणार आहों. ती कुस्ती म्हणजे व्हिडिओ गेममधील मारामारीचा खेळ. पुष्कळ पालकांस हा विषय शाळेच्या वार्षिकांत शोभणारा वाटणार नाहीं; परंतु जी वस्तु आपल्या मुलांच्या हातीं रोज असते, तिची माहिती आपण करून घेऊं नये, हें शहाणपणाचें नव्हे.

आमच्या लहानपणीं, म्हणजे इ. स. १९९० नंतरच्या दशकांत, मोठ्या गांवांच्या बाजारपेठेंत एकाद्या गाळ्यांत कपाटाएवढीं यंत्रें मांडलेलीं असत. डोळ्यांसमोर पडदा, हाताखालीं एक दांडी व कांहीं कळा, आणि खालीं नाणें टाकावयाची फट. नाणें किंवा दुकानदाराचें टोकन आंत पडलें कीं खेळ सुरू होई. अशा यंत्रांस आर्केड म्हणतात. जपानच्या कॅपकॉम कंपनीनें इ. स. १९९१ सालीं काढलेला ‘स्ट्रीट फायटर २’ हा त्यांतील फार गाजलेला खेळ. त्यांत दोन खेळाडू समोरासमोर लढतात. तीन प्रकारचे ठोसे व तीन प्रकारच्या लाथा मिळून सहा कळा, आणि आठ दिशांस फिरणारी दांडी, एवढीच सामग्री. हातपाय लांबविणारा धलसीम नांवाचा एक भारतीय योगीही त्या लढवय्यांत आहे. हरणारा बाजूस होई, जिंकणारा जागेवर राही व पुढचा मुलगा नाणें टाकून त्यास आव्हान देई.

हाच खेळ दूरदर्शन-संचास जोडावयाच्या लहान यंत्रावर, म्हणजे कन्सोलवर, आणावयाचा असें ठरलें तेव्हां कारागिरांपुढें तीन अडचणी उभ्या राहिल्या.

पहिली अडचण जागेची. इ. स. १९९२ सालीं निन्टेन्डो कंपनीच्या कन्सोलकरितां या खेळाची जी डबी निघाली, तिची धारणशक्ति सोळा मेगाबिट, म्हणजे अवघी दोन मेगाबाइट होती. आज मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्रासही इतकी जागा कित्येकदां पुरत नाहीं. आर्केडच्या पडद्यावर एका आडव्या ओळींत ३८४ ठिपके असत. घरच्या यंत्रांत ते २५६ च राहिले. म्हणून चित्रें लहान करावीं लागलीं, आणि मधल्या विसाव्यांतील पिंपें फोडण्याची गंमत काढून तिच्या जागीं विटा फोडण्याची गंमत घातली गेली.

दुसरी अडचण हातांची. निन्टेन्डोच्या फळीवर सहा कळा होत्या, म्हणून तेथें निभावलें. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह यंत्राच्या फळीवर मात्र तीनच कळा होत्या. तेव्हां त्या कंपनीस इ. स. १९९३ सालीं या खेळाबरोबर सहा कळांची नवी फळी काढणें भाग पडलें. आपल्याकडे घरोघरीं जे स्वस्त संच आले, त्यांवर तर मुख्य कळा दोनच असत. सहा बोटांचें काम दोन बोटांवर आलें म्हणजे डाव कसला राहणार?

तिसरी अडचण वेगाची. जपान व अमेरिका येथील दूरदर्शन-संच सेकंदास ६० वेळां पडदा रंगवीत. युरोपांतील व आपल्या देशांतील संच ५० वेळां. युरोपाकरितां निघालेल्या आवृत्तींत त्यामुळें खेळ सुमारें एक षष्ठांशानें मंदावला व पडद्याच्या वर-खालीं काळ्या पट्ट्या दिसूं लागल्या. ज्या खेळांत क्षणाच्या लहानशा अंशावर जय किंवा पराजय ठरतो, त्यास हें वैगुण्य लहान नव्हे.

असें असूनही ही घरची आवृत्ति जगांत ६० लाखांहून अधिक खपली. याचें कारण भाषांतराचें काम करणारास चटकन् समजेल. एका भाषेंतून दुसरींत जातांना कांहीं शब्द सोडावेच लागतात. परंतु कोणते सोडावे व कोणता अर्थ कधींही सोडूं नये, हें ज्यास कळतें तोच खरा भाषांतरकार. या कारागिरांनीं पिंपें सोडलीं, ठिपके सोडले. पण कोणत्या वेळीं कोणती कळ दाबिली असतां कोणता डाव पडतो, तो हिशोब त्यांनीं जपला. खेळाचा प्राण तेथेंच होता.

एका कंपनीनें मात्र कांहींच सोडावयाचें नाहीं असें ठरविलें. एस्‌एन्‌के या जपानी कंपनीनें इ. स. १९९० सालीं निओ जिओ नांवाचें यंत्र काढलें. त्यांत आर्केडमधील यंत्रणाच जशीच्या तशी घरीं दिली होती. परंतु अमेरिकेंत त्या संचाची किंमत सुमारें ६५० डॉलर, व एकेका खेळाची २०० डॉलर किंवा त्याहूनही अधिक पडे. अर्थात् ती वस्तु थोड्या श्रीमंतांपुरतीच राहिली. पुढें हा भेद आपोआप मिटत गेला. इ. स. १९९४ सालचा ‘टेकन’ हा आर्केड खेळ मुळांतच सोनीच्या प्लेस्टेशनच्या धर्तीवरील यंत्रणेवर बांधला होता, म्हणून दुसऱ्याच वर्षीं तो बहुतेक तसाच घरीं आला. आणि ‘सोलकॅलिबर’ हा इ. स. १९९८ सालचा खेळ पुढील वर्षीं सेगाच्या ड्रीमकास्टवर निघाला, तेव्हां घरची आवृत्ति दुकानांतील मूळ खेळाहून अधिक सुंदर ठरली. शिष्यानें गुरूस मागें टाकिलें!

परंतु खेळ घरांत आला म्हणजे त्याच्याबरोबर एक जबाबदारीही उंबरठा ओलांडून आंत येते. ‘मॉर्टल कोंबॅट’ हा अत्यंत रक्तपाताचा खेळ इ. स. १९९२ सालीं आर्केडमध्यें निघाला. पुढील वर्षीं तो घरीं येतांना निन्टेन्डो कंपनीनें त्यांतील रक्ताऐवजीं घाम दाखविला. सेगाच्या आवृत्तींत मात्र एक गुप्त खूण केली कीं रक्त दिसे. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अमेरिकेच्या सेनेटपुढें या विषयाची चौकशी झाली, आणि इ. स. १९९४ पासून तेथें खेळांच्या वेष्टनावर ‘अमुक वयासाठीं’ असा शिक्का येऊं लागला. तथापि शिक्का वाचणारें मोठें माणूस घरांत नसेल, तर त्या शिक्क्याचा उपयोग काय?

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. चित्र आलें, आवाज आला, वेग आला, कळाही आल्या. मग आलें नाहीं असें काय राहिलें? आमच्या मतें राहिला तो शेजारीं उभा असलेला दुसरा मुलगा. कॅपकॉमचाच इ. स. १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ आपल्याकडे त्यांतील एका वीराच्या नांवावरून ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखला जाई. त्यांत तीन जण एकत्र लढूं शकत. हा खेळ कोणत्याही कन्सोलवर रीतसर कधीं निघालाच नाहीं. संगणकांवर व मोबाइलवर त्याच्या नकला तेवढ्या फिरतात. तरी आमच्या वयाचीं माणसें त्याचें नांव काढतांच हंसतात, आणि त्यांस आठवतो तो पडदा नव्हे. खिशांतलें शेवटचें नाणें ज्यानें आपल्यासाठीं टाकलें, तो मित्र त्यांस आठवतो.

गतवर्षीं आमचा एक विद्यार्थी मोठ्या अभिमानानें म्हणाला, “सर, मी मोबाइलवर रोज सगळ्यांना हरवतों.” हे ‘सगळे’ म्हणजे यंत्रानें चालविलेले प्रतिपक्षी होते. आम्हीं त्यास सहज म्हणून वर्गांतील एका सोबत्याशीं खेळावयास बसविलें. तो लागोपाठ तीन वेळां हरला, हातांतील वस्तु त्यानें बांकावर टाकिली व भरल्या डोळ्यांनीं तो बाहेर गेला. त्याच्या बोटांत कौशल्य होतें. हरावें कसें, हें मात्र त्यास कोणी शिकविलें नव्हतें. यंत्र हरलें तर रुसत नाहीं, आणि जिंकलें तर आपला हात धरून उठवीतही नाहीं. पूर्वींच्या त्या गाळ्यांत पैसा व वेळ फुकट जाई, शाळा बुडे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु हरल्यावर जागा सोडून रांगेच्या शेवटीं उभें राहण्याचा धडा तेथें आपोआप मिळे.

तोच विद्यार्थी आठ दिवसांनीं आपण होऊन त्या सोबत्याकडे गेला. पुन्हां हरला, पण या वेळीं त्यानें विचारलें, “हा डाव कसा करतोस?” आमच्या मतें त्या दिवशीं तो खेळ खऱ्या अर्थानें घरीं आला.

म्हणून पालकांस आमची नम्र विनंति आहे कीं, खेळ सरसकट बंद करण्यापूर्वीं एक वेळ दुसरी फळी स्वतः हातीं घ्यावी. आपण हराल, मुलें हंसतील, हंसूं द्यावें. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही खेळावयास बसाल तेव्हां शेजारची जागा रिकामी ठेवूं नका. कारागिरांनीं सारा खेळ डबींत भरून घरीं पोंचविला. सोबती तेवढा त्यांस डबींत घालतां आला नाहीं. तो तुम्हांसच हांक मारून आणावा लागेल.