जव्हारची स्ट्रॉबेरी न्याहारीच्या पेल्यात

स्ट्रॉबेरी म्हटली की महाबळेश्वर आठवतं. पण पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागातही आदिवासी शेतकरी आता हे पीक घेतात. भात-नागलीनंतरच्या हिवाळ्यात त्यातून हाती पैसा येतो.

न्याहारीसाठी सात-आठ स्ट्रॉबेरी, मोसंबीच्या बिया काढलेल्या फोडी, अर्धं केळं आणि शिजवून गार केलेलं दोन चमचे नागलीचं सत्त्व मिक्सरमधून फिरवा. साखर नको. गाळू तर मुळीच नका, चोथा पोटाला हवाच.

नागलीतलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही. फळांतलं क जीवनसत्त्व तिथे मदत करतं. कुपोषणाशी वर्षानुवर्षं झुंजणाऱ्या या तालुक्यांत ही जोडी फार मोलाची आहे.

उन्हाळ्यात स्ट्रॉबेरी संपली, की पिकलेली करवंदं चाळणीवर चोळून त्यांचा गर वापरा.