विश्लेषण : वळणदार खुर्ची देखणी, पण टिकाऊ आहे का?

मोबाइलवर खुर्चीचा फोटो दाखवायचा आणि ‘अशीच सागवानात करून द्या’ म्हणायचे, हे आता महाड-पोलादपूरच्या सुतारांनाही नवे नाही. फांदीसारखे पाय आणि पानासारखी पाठ असलेली ही जेवणाच्या टेबलाची खुर्ची दिसते छान. पण ती मोडणार की टिकणार, हे फोटोत कळत नाही.

‘ऑरगॅनिक’ डिझाइन म्हणजे काय?
झाड, पान, हाड, शिंपला अशा निसर्गातील आकारांवरून घेतलेली रचना. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९४० मध्ये याच नावाने फर्निचरची स्पर्धा घेतली. चार्ल्स ईम्स आणि ईरो सारिनेन यांच्या प्लायवूडच्या वळणदार खुर्च्यांनी त्यात बाजी मारली.

वळण अवघड का?
लाकडाची ताकद त्याच्या उभ्या रेषांत असते. सरळ फळीतून वळण कापले की या रेषा मध्येच तुटतात आणि नेमका तिथेच पाय किंवा पाठ मोडू शकते. त्यावर जुना उपाय म्हणजे लाकूड वाफेवर वाकवणे. थोनेट कंपनीची १८५९ मधील प्रसिद्ध खुर्ची अशीच बनली. दुसरा उपाय, पातळ पट्ट्या साच्यात एकावर एक चिकटवणे.

आपल्याकडे हे ज्ञान होते का?
होते. लाकडी नांगरासाठी सुतार मुळातच वाकडे वाढलेले लाकूड शोधत. झाडाचे वळण तेच अवजाराचे वळण, म्हणून रेषा तुटत नसे. पॉवर टिलर आले, नांगर कमी झाले. पण ही नजर खुर्चीलाही उपयोगी आहे.

किंमत जास्त का?
सागवान घनफुटावर विकले जाते. वाकडा पाय काढायला रुंद फळी लागते आणि उरलेल्या तुकड्यांचेही पैसे मोजावे लागतात. सहा खुर्च्या एकदम करायला दिल्या, तर एकाच फळीत पायाला पाय लागून आखता येतात आणि नासाडी कमी होते.

घेताना काय पाहावे?
• वळणाच्या बारीक भागात रेषा वळणासोबत जातात का?
• खुर्ची उलटी करा. सांधे खाचेत बसवलेले आहेत की नुसत्या खिळ्यांवर?
• लाकूड नीट वाळवलेले आहे का? कोकणात ते पावसाळ्यात फुगते, नंतर आकसते. ओल्या लाकडाचे सांधे लवकर सैल होतात.
• बैठक साधारण ४५ सेंमी उंच हवी. टेबल बहुधा ७५ सेंमीचे असते.
• टेकून बसून पाहा. सर्वाधिक ताण मागचा पाय आणि बैठक यांच्या सांध्यावर येतो.

घरचे झाड तोडायचे असेल तर?
साग, फणस, आंबा, ऐन ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आहेत. झाड स्वतःच्या जागेत असले तरी आधी परवानगी घ्या, मगच सुताराला बोलवा.