नववधूचा डोईवरचा पदर : लांबी किती असावी?
सोलापूरकडच्या लग्नांत नऊवारी नेसलेल्या नववधूचा डोईवरचा पदर हे वेगळे वस्त्र नसून साडीचेच टोक असल्याने, त्याची लांबी साडी घेतानाच पाहावी लागते. एक वार म्हणजे 3 फूट, त्यामुळे नऊवारी सुमारे 8.2 मीटर भरते. परंतु कंबरेची गाठ, निऱ्या आणि कासोटा, म्हणजे पायांमधून मागे नेऊन खोचलेला भाग, यांतच तिचा बराचसा हिस्सा जातो, म्हणून उंच वधूला पूर्ण नऊ वारच हवेत. डाव्या खांद्यावरून पाठीमागे गेलेला पदर डोक्यावरून उजव्या खांद्यावर सैल उतरला पाहिजे. तो तोकडा पडला, तर मुंडावळ्या बांधलेले डोके लवताच मागे घसरतो. शेजारच्या कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलच्या इरकली साडीत पांढऱ्या नक्षीचा लाल रेशमी पदर, ताण्याचे फासे एकमेकांत अडकवून, साडीच्या अंगाला जोडलेला असतो, आणि ती लाली डोक्यापासून खांद्यापर्यंत सलग दिसली तरच तो पदर खुलतो.