प्रकृतीची धास्ती

जुन्नर तालुक्यांतील पिंपरी पेंढारच्या शिवारांत रात्रीं उंसाचें पान सळसळलें, तरी माणसाच्या छातींत धस्स होतें. तें भय निराधार नाहीं. ह्या मुलुखांत बिबट्या उंसांत राहतो. परंतु प्रत्येक सळसळ म्हणजे बिबट्याच, असें मानून कोणी रोज रात्रभर बॅटरी घेऊन बसूं लागला, तर त्याची झोप बिबट्यावांचूनच जाईल.

कांहीं प्रौढ माणसांचें स्वतःच्या शरीराविषयीं नेमकें असेंच होतें. छातींत कळ आली कीं हृदयविकार, डोकें दुखलें कीं मेंदूंत गांठ! अशी धास्ती सहा महिने वा अधिक टिकली, तर मानसशास्त्र तिला स्वतंत्र विकार मानतें. २०१३ च्या अमेरिकन वर्गीकरणांत तिला तसें स्थान मिळालें आहे.

हें सोंग नव्हे. भयानें हृदय जलद चालूं लागतें, स्नायु ताठतात, हातापायांना मुंग्या येतात. हीं लक्षणें खरींच असतात. चुकतो तो त्यांचा अर्थ. भयानें उत्पन्न झालेली धडधडच त्या माणसाला रोगाचा पुरावा वाटते.

मग वारंवार नाडी पाहणें, मोबाइलवर लक्षणें शोधणें, एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाणें सुरू होतें. तपासणींत कांहीं न निघाल्यास दोन दिवस बरें वाटतें. पण मन त्यांतून एवढेंच शिकतें, कीं तपासल्यावांचून सुटका नाहीं. म्हणून धीर जितका वारंवार मागावा, तितका तो कमी टिकतो. कांहीं जण तर उलट, निदानाच्या भीतीनें दवाखान्याची पायरीच चढत नाहींत.

मग करावें काय? श्रमानें छाती दुखणें, वजन घटणें, असें नवें लक्षण अवश्य तपासून घ्यावें. त्यानंतर मात्र डॉक्टर एकच ठेवावा, भेटीचे दिवस ठरवावे आणि नाडी पाहण्याची संवय हळूहळू सोडावी. विचार व वर्तन बदलण्याच्या मानसोपचारानें पुष्कळांना गुण येतो. २०२२ सालीं सुरू झालेल्या सरकारी ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

घरच्यांनीं ‘तुला कांहीं झालेलें नाहीं’ असें शंभरदां सांगूं नये, चेष्टाहि करूं नये. ‘तुला भय वाटतें आहे, हें मला दिसतें, चल, शेतावर जाऊन येऊं,’ एवढें म्हणावें. उंसांत सळसळ होतच राहणार. ती ऐकूनहि पुन्हां झोपीं जातां येणें, हेंच खरें बरें होणें.