मालमोटारीतील ऊब

कॅनडातील विनिपेग शहरी हिवाळ्यात पारा कधी कधी उणे ३० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. अशा थंडीत मालमोटारीच्या चालकाला ऊब मिळते ती एंजिनाकडून. एंजिन फार तापू नये म्हणून त्यात पाणी व एथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण खेळवलेले असते. निम्मे-निम्मे घेतलेले हे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. तापलेल्या मिश्रणाचा काही भाग रबरी नळीतून डॅशबोर्डाआडच्या एका लहान रेडिएटरात येतो व दुसऱ्या नळीने परत जातो. पंखा त्या रेडिएटरातून वारा ढकलतो आणि तोच उबदार वारा चालकाच्या पायांवर व समोरच्या काचेवर येतो. एंजिनाला नकोशी झालेली उष्णता माणसाच्या कामी लावणारी ही योजना मोठी काटकसरीची खरी!

जुन्या मालमोटारींत हा रेडिएटर बहुधा तांब्यापितळेचा, डाख देऊन जोडलेला असतो. मिश्रणातील गंजरोधक द्रव्ये कालांतराने निकामी होतात. मिश्रण वेळेवर बदलले नाही, तर धातू आतून झिजतो आणि सूक्ष्म छिद्र पडते. प्रथम गोडसर वास येतो, मग पायांखालचा गालिचा ओला होतो. काचेवर आतून चिकट धुके धरते. पुसले तरी पुन्हा धरते आणि रस्ता दिसेनासा होतो. शिवाय ग्लायकॉल विषारी आहे. त्याच्या गोडीला भुलून कुत्री ते चाटतात व दगावतात.

काही जण दोन्ही नळ्या परस्परांना जोडून गळका रेडिएटर वगळतात. गळती थांबते, पण ऊबही जाते. मुंबईत हे चालून जाईल, विनिपेगमध्ये नाही.

दुरुस्तीपूर्वी नळ्यांच्या पट्ट्या तपासाव्यात, कारण कित्येकदा गळते ते तेथेच. एंजिन पुरते निवाल्याखेरीज मोठ्या रेडिएटरचे झाकण उघडू नये; दाबाखालचा कढत द्रव उसळून अंगावर येतो. निवालेला द्रव भांड्यात काढून घ्यावा, गटारात सोडू नये. वर्षानुवर्षे तापून रबर तोटीला चिकटलेले असते. ते पिळून ओढू नये, उभे चिरावे. नळ्या नव्या घालणे शहाणपणाचे असतेच. काही मालमोटारींत यानंतर थोडे बोल्ट काढताच रेडिएटर हाती येतो. काहींत मात्र सारा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, तसाच हा प्रकार!

नवा रेडिएटर जुन्याशेजारी ठेवून तोट्यांची जागा व जाडी पडताळावी. भोवती स्पंजाची नवी पट्टी लावावी, नाहीतर वारा त्याला वळसा घालून थंडच बाहेर पडतो. मिश्रण भरताना एंजिन चालू ठेवून हीटरची कळ पूर्ण उष्णतेकडे फिरवावी, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. गळती नाही याची खात्री पटल्यावरच डॅशबोर्ड परत बसवावा. एंजिन तापल्यावर ते बंद करून दोन्ही नळ्यांना बेताने हात लावावा. दोन्ही गरम लागल्या, तर प्रवाह नीट सुरू आहे. एकच गरम असेल, तर बहुधा आत अजून हवा अडकलेली आहे.